मुंग्यांची वाट

"मावशी, ओठांपाशी मुंग्या येताहेत का?"

"नाई बा."

"बोटांच्या टोकाला?"

"तिथं बी नाई."

सकाळी सहाला रात्रपाळीची सिस्टर विचारून गेली, आठला इंटर्न, नवाच्या राउंडला मोठे सर आणि त्यांच्या मागची पाच पोरं. मावशीची थायरॉइडची गाठ आदल्या दिवशी काढली होती. ती सगळी ग्रंथीच काढावी लागली. गळ्यावर बोटभर पट्टी, आवाज किंचित बसलेला, बाकी बाई ठणठणीत. दुखतं का, हे कोणी फारसं विचारत नव्हतं. जो तो मुंग्यांचंच विचारत होता. दुपारपर्यंत तिचा धीर सुटला. मला म्हणाली, "घरी सोयाबीन पडून हाय, अन् मी इथं मुंग्यांची वाट पाहून रायली."

मावशी आर्वीकडची. रुग्णालय वर्ध्यातलं. या जिल्ह्याला शिकवणारी मोठी रुग्णालयं दोन लाभली आहेत. एक सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. ते १९४५ मध्ये बायका-मुलांसाठी पंधरा खाटांवर सुरू झालं आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच्याभोवती वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. दुसरं सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. मावशी कुठे होती ते महत्त्वाचं नाही. थायरॉइडची ऑपरेशनं होतात अशा कुठल्याही वॉर्डात हा प्रश्न कानावर पडतो.

गळ्याच्या ऑपरेशनचा आणि बोटांतल्या मुंग्यांचा संबंध काय, हे मी तिथल्या एका निवासी डॉक्टरला विचारलं. एम.एस. करणारा, झोपेचं खोबरं झालेला मुलगा. त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी बीपीचं यंत्र आणलं आणि मावशीच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी मोजताना भरतात त्याहून थोडी जास्त हवा भरली आणि तो घड्याळाकडे बघत बसला. तीन मिनिटं. मावशीचा हात लालसर झाला, ती कुरकुरली, पण बोटं जशीच्या तशी राहिली. "रक्तात कॅल्शियम कमी असतं ना," तो म्हणाला, "तर आता अंगठा तळव्यात ओढला गेला असता, मनगट वाकलं असतं आणि बोटं सरळच्या सरळ एकमेकांना चिकटली असती." त्याने स्वतःच्या हाताने ती मुद्रा करून दाखवली. सुईण बाळंतिणीला तपासताना हाताची करते तशी. आर्मांद त्रूसो या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हापासून वैद्यकात तिला सुईणीचाच हात म्हणतात.

दुसरी खूण आणखी गमतीची. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाखाली बोटाने हलकेच टिचकी मारायची. कॅल्शियम उतरलं असेल तर त्या बाजूचा ओठाचा कोपरा टपकन उडतो. ही ख्वोस्टेकची खूण, १८७६ सालची. मात्र हिच्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही. धडधाकट माणसांतही काहींचा कोपरा उडतो. मी घरी आल्यावर आरशासमोर करून पाहिलं. माझा हलला नाही, बायकोचा हलला. तिचं कॅल्शियम उत्तम आहे.

हे का होतं? नसेच्या भिंतीत सोडियमची बारीक दारं असतात. ती उघडली की नसेतून संदेश धावतो. नसेबाहेरचं कॅल्शियम त्या दारांना धाकात ठेवतं, उगाच उघडू देत नाही. कॅल्शियम घटलं की धाक सुटतो. मग कोणी हाक मारलेली नसताना नसा ओ देऊ लागतात. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, मग पेटके, मग हात वाकडा. प्रकरण हाताबाहेर गेलं तर स्वरयंत्र आवळतं, फिट येते, हृदयाचा ठेका बिघडतो. मुंग्या म्हणजे दारावरची पहिली थाप, म्हणून सगळे त्यांचीच चौकशी करतात.

आता कॅल्शियम आणि गळा. शाळेच्या पुस्तकात थायरॉइडला अवटू ग्रंथी म्हणतात आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या चार चिमुकल्या ग्रंथींना परावटू. वॉर्डात कोणी असं बोलत नाही, तिथे त्या पॅराथायरॉइडच. दोन वर, दोन खाली. एकेकीचं वजन तीस ते पन्नास मिलिग्रॅम. हा आकडा ऐकून डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून दुसऱ्या मापाने सांगतो. ज्वारीचा एक दाणा साधारण तीस मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे चौघी मिळून ज्वारीचे चार दाणे, फार तर सहा-सात. आकार मात्र गोल नसतो, मसुरीसारखा चपटा असतो. (ज्वारीवरून आठवलं. सेवाग्रामच्या रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजूंच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत आरोग्यविमा चालवला, त्याचा हप्ता शेतकरी ज्वारीत भरत. त्या दाण्याला या जिल्ह्यात असंही मोल आहे.)

माणसाच्या शरीरात कॅल्शियम सुमारे एक किलो असतं. त्यातलं नव्याण्णव टक्के हाडांत आणि दातांत. रक्तातल्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, किती असतं याचा हिशोब कागदावर मांडून पाहा. दर १०० मिलिलिटरला सुमारे १० मिलिग्रॅम, आणि प्लाझ्मा सगळा मिळून तीनेक लिटर. उत्तर येतं सुमारे ३०० मिलिग्रॅम. एवढं कॅल्शियम पेलाभर गाईच्या दुधात असतं. पेलाभर दुधातल्या कॅल्शियमवर अख्ख्या देहाच्या रक्ताचं काम चालतं, आणि तेही थोडं वर-खाली झालेलं चालत नाही. ८.५ ते १०.५ या पट्ट्यात जन्मभर राहावं लागतं. सणाचं जेवण असो की एकादशी.

मूत्रपिंडाचा हिशोब तर याहून थक्क करणारा. दिवसभरात मूत्रपिंडाच्या गाळणीतून सुमारे दहा ग्रॅम कॅल्शियम खाली उतरतं, म्हणजे रक्तात एका वेळी असतं त्याच्या तीसेक पट. त्यातलं जवळजवळ सगळं परत वर खेचून घेतलं जातं. लघवीवाटे जातं ते जेमतेम दोन-तीनशे मिलिग्रॅम. या परत खेचण्यावर शेवटचा हात फिरवतं ते त्या चार दाण्यांतून निघणारं संप्रेरक, पीटीएच. तेच हाडांकडून उसनं आणतं. तेच ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप द्यायला लावतं, म्हणजे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढून घेतं. चार दाणे, आणि राज्य हाडांपासून आतड्यांपर्यंत.

इतक्या महत्त्वाच्या ग्रंथी माणसाला फार उशिरा सापडल्या, आणि पहिल्यांदा सापडल्या त्या माणसात नाहीच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भारतीय जातीचा एक गेंडा होता. तो १८४९ मध्ये मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉइडला चिकटलेला एक पिवळसर, घट्ट, लहानसा गोळा त्याच्या नजरेत भरला. १८५० मध्ये त्याने ते विद्वानांपुढे वाचलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे तीस वर्षांनी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या तरुणाने आधी कुत्र्यात आणि मग पन्नास मानवी देहांत हेच शोधलं आणि १८८० मध्ये छापलं. त्याचीही दखल कोणी घेतली नाही. तो १८८९ मध्ये गेला, तोवर या ग्रंथी काय करतात हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच काळात युरोपात थायरॉइडची ऑपरेशनं जोरात सुरू झाली होती. दोन मोठी नावं: व्हिएन्नाचे बिलरोथ आणि बर्नचे कोखर. दोघेही निष्णात, पण हात वेगळे. कोखर सावकाश, नेटके, रक्ताचा थेंब न सांडता काम करणारे. त्यांनी ग्रंथी पूर्ण काढली की रुग्ण काही महिन्यांनी सुस्त, सुजलेले, मंद होत. बिलरोथ झपाझप हात चालवणारे. त्यांच्या काही रुग्णांना दोन-तीन दिवसांत हातापायांचे झटके येत. दोघांचंही काम जवळून पाहिलेले अमेरिकन शल्यविशारद हॉलस्टेड यांनी पुढे कोडं उलगडलं. कोखर इतके काटेकोर की थायरॉइडचा कण मागे राहत नसे, पण शेजारचे दाणे जागच्या जागी राहत. बिलरोथांच्या घाईत थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि दाणे निघून जात. शस्त्रक्रियेच्या ढंगावरून रुग्णाचा आजार ठरत होता. कोखरना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्कॅलम आणि फोग्टलिन यांनी दाखवून दिलं की या ग्रंथी काढलेल्या कुत्र्याचे झटके शिरेतून कॅल्शियम दिलं की थांबतात. गेंड्याच्या विच्छेदनापासून इथवर यायला साठ वर्षं लागली.

आपले गुरं पाळणारे म्हणतील, यात नवल ते काय? वर्धा जिल्हा गवळाऊ गाईंचा. आर्वीकडच्या माणसाला गाय व्याल्यावर बसली की काय करायचं ते सांगावं लागत नाही. भरपूर दुधाच्या, विशेषतः संकरित गाईला वेत झाल्यावर चिकात आणि दुधात इतकं कॅल्शियम जातं की रक्तातलं झपकन खाली येतं. गाय उठत नाही, कान गार पडतात, मान वळवून कुशीवर टाकते. याला मिल्क फीवर म्हणतात, पण ताप नसतोच, उलट अंग थंड पडतं. पशुवैद्य येतो, शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतो, आणि तासाभरात गाय धडपडत उभी राहते. ज्याने हे पाहिलंय त्याला मॅक्कॅलमचा कुत्रा वेगळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच की कॅल्शियम उतरलं की माणूस आखडतो आणि गाय ढिली पडते. आणि गाईचं विज्ञानावर आणखी एक ऋण आहे. रक्तातलं कॅल्शियम किती हे पॅराथायरॉइडच्या पेशीला कळतं कसं, याचं उत्तर १९९३ मध्ये मिळालं. ते कॅल्शियम 'चाखणारं' प्रथिन पहिल्यांदा हाती लागलं ते गाईच्याच पॅराथायरॉइडमधून.

मावशीकडे परत येतो. आज शल्यविशारदांना हे दाणे माहीत आहेत, ते जपायचा आटोकाट प्रयत्न होतो. तरीही सगळी थायरॉइड काढल्यावर तात्पुरतं कॅल्शियम उतरणं ही जगभरची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला आकडा सांगतो की साधारण चारातल्या एका रुग्णाला हे होतं. कायमचं होतं ते शंभरातल्या एखाद्याला. कारण दाणा कापला नाही तरी रुसतो. त्याला रक्त पोचवणारी केसासारखी धमनी थायरॉइडला लगटून येते. ती ओढली गेली, आवळली गेली, की दाणा काही दिवस, काही आठवडे गप्प बसतो. शिवाय खालच्या दोन दाण्यांचा नेम नाही. गर्भात ते छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर वरून खाली प्रवास करत येतात. कुणाचे वाटेत थांबतात, कुणाचे पार छातीत उतरतात.

खरी पंचाईत वेळेची आहे. कॅल्शियम ऑपरेशनच्या दिवशी तळ गाठत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठतं. म्हणजे जखम सुकू लागली, रुग्ण हिंडूफिरू लागला, घरचे "आता न्यायचं का?" विचारू लागले, की तेव्हा. वर्ध्याहून आष्टी किंवा कारंजा घाडगेकडे निघालेल्या एसटीत, खिडकीजवळच्या सीटवर एखाद्या बाईचा हात वाकडा झाला, तर पुढचं दवाखान्याचं गाव येईपर्यंत करायचं काय? आणि हे टाळायचं म्हणून चारही जणींना तीन-चार दिवस खाटेवर ठेवायचं, तर तिघींची मजुरी विनाकारण बुडते, आणि बरोबर राहिलेल्या माणसाचीही.

म्हणून प्रश्न असा: कोणाचं उतरणार, हे आधी कळेल का?

माझी अडाणी समजूत अशी होती की रोज कॅल्शियम तपासायचं, घसरू लागलं की कळेलच. निवासी डॉक्टरने मान हलवली. "काका, घरी मोटर आणि टाकी आहे ना?"

आहे. विदर्भात मोटर आणि टाकी हा रोजच्या काळजीचा विषय आहे. "लाइन गेली, मोटर बंद पडली. टाकीत वाकून पाहिलं तर काय दिसतं?"

भरलेली दिसते.

"तेच. ऑपरेशननंतर चार तासांनी कॅल्शियम तपासलं तर टाकी भरलेलीच दिसणार. नळ चालू आहेत, पाणी चाललंय, पण रिकामी व्हायला वेळ आहे. टाकीत पाहायचंच नाही. मोटरचा आवाज ऐकायचा."

मोटर म्हणजे ते चार दाणे, आणि आवाज म्हणजे पीटीएच. मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते यापुढच्या गोष्टीने. पीटीएचचा रेणू रक्तात टिकतो किती? सोडल्यापासून तीन-चार मिनिटांत निम्मा संपतो. आणखी तेवढ्याच वेळात त्याचा निम्मा. दाण्यांनी काम थांबवलं तर पाऊण तासात रक्तातलं जुनं पीटीएच जवळजवळ नाहीसं होतं. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरून रुग्ण अजून शुद्धीवर येतोय, आणि त्याच्या रक्तात परवाचा दिवस लिहून झालेला असतो. कॅल्शियमला बातमी कळायची आहे, नसांना कळायची आहे, रुग्णाला तर कळायचीच आहे. पण मोटर चालू की बंद, हे तासाभरात सांगता येतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण हा आवाज फार बारीक आहे. पीटीएच मोजतात ते पिकोग्रॅममध्ये. एका मिलिलिटर रक्तात १५ पिकोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा निर्धास्त राहता येतं. त्याच्या खाली, विशेषतः दहाच्या खाली गेलं, तर सावध व्हायचं. १५ पिकोग्रॅम म्हणजे किती? पावसाळ्यात वर्तमानपत्रात धरणांचा साठा दलघमीत देतात, दशलक्ष घनमीटर. एक दलघमी पाण्यात तीन चहाचे चमचे साखर टाकून ढवळली, तर जेवढी गोडी येईल तेवढं हे प्रमाण. ते मोजायचं, आणि ते १५ आहे की ८, हेही सांगायचं. असं काही मोजता येईल हेच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला पटलं नसतं. न्यूयॉर्कच्या रोझॅलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने संप्रेरकं मोजण्याची युक्ती आधी इन्सुलिनसाठी काढली आणि १९६३ मध्ये पीटीएचला लावली. बर्सन १९७२ मध्ये गेले. यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. आज बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सार वापरत नाहीत, प्रकाश देणारं रसायन वापरतात, पण कल्पना तीच.

अमेरिकेतल्या थायरॉइड तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही १५ ची रेघ आपल्या निवेदनात घातली. ऑपरेशन संपल्यावर वीस मिनिटांनंतर कधीही रक्त घ्या, १५ च्या वर असेल तर कॅल्शियमच्या सतत तपासण्यांची गरज नाही. इतर ठिकाणी चार तासांनी घेतात. काही जण ऑपरेशनआधीच्या आकड्याशी तुलना करून किती टक्के घसरलं ते पाहतात. मला ही रेघेची चर्चा थोडी कंटाळवाणी वाटते. कारण कुठलीही रेघ आखली तरी तिच्या अलीकडे पलीकडे चुकणारे थोडे असतातच. ड जीवनसत्त्व आधीच कमी असलेल्या बाईची टाकी मुळातच अर्धी असते. उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पण तेवढ्या उन्हात अंगावर ऊन घेत कोण बसतं? थायरॉइड जास्त काम करत असल्याने काढलेली असेल, तर उपाशी हाडं ऑपरेशननंतर अधाशासारखं कॅल्शियम ओढून घेतात, मोटर चालू असूनही टाकी रिकामी होते. हे सारं आकड्याशेजारी ठेवून डॉक्टरला डोकं चालवावंच लागतं.

आणि पीटीएचची तपासणी महाग. कॅल्शियमची स्वस्त, तालुक्यालाही होते. म्हणून जिथे पीटीएच नाही तिथली युक्ती मला फार आवडली. टाकीत एकदा वाकून कळत नाही, पण दोनदा वाकलं तर? सहा तासांनी एकदा, बारा तासांनी एकदा. पातळी वर चालली असेल तर मोटर चालू आहे. खाली उतरत असेल तर समजून घ्या. पातळी कितीवर आहे यापेक्षा ती कुठल्या दिशेला चालली आहे, हे पाहायचं. एक सूचना मात्र डॉक्टरने हटकून दिली. सलाइन भरपूर चढवलेलं असलं की रक्त पातळ होतं, प्रथिनं कमी दिसतात, आणि प्रथिनांना चिकटलेलं कॅल्शियमही कमी दिसतं. नसांवर धाक ठेवणारं मोकळं कॅल्शियम तेवढंच असतं. पाणी तेवढंच, मोजपट्टी ओली झालेली. म्हणून अल्ब्युमिन पाहून हिशोब सुधारावा लागतो.

ऑपरेशनच्या टेबलावरही भाकीत चालूच असतं, पण डोळ्यांनी. दाण्याचा रंग पिवळसर तपकिरी, भोवतालच्या चरबीहून जेमतेम एक छटा गडद. रक्त तुटलं की तो काळपट जांभळा पडू लागतो. शंका आली, की दिसतोय तो दाणा आहे की चरबीचा थेंब, तर सुटलेला तुकडा सलाइनच्या वाटीत सोडतात. चरबी तरंगते. दाणा बुडतो. एवढ्या यंत्रांनी भरलेल्या थिएटरमध्ये वाटीभर पाण्याने निकाल! आणि खरंच दाणा सुटून आला असेल तर तो फेकत नाहीत. मिलिमीटरभर तुकडे करून मानेच्या बाजूला जो जाड स्नायू उठून दिसतो त्याच्यात खोचून ठेवतात, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी करतात तसे. काही आठवड्यांत त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते तिथूनच कारभार पाहू लागतात.

अलीकडे या शोधाला नवी नजर मिळाली आहे. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेल्या अनिता महादेवन-जॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठात पाहिलं की डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकला, की पॅराथायरॉइड शेजारच्या थायरॉइडपेक्षा जास्त चमकते. काही रंग न टोचता, आपोआप. २०११ मध्ये त्यांनी हे छापलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्यावरच्या उपकरणांना परवानगी मिळाली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळ्या-करड्या गळ्यात दाणे दिव्यासारखे दिसतात. पण यात एक मेख आहे. मेलेला दाणाही चमकतो. प्रकाश सांगतो तो कुठे आहे, जिवंत आहे का ते सांगत नाही. ते पुन्हा रक्तालाच विचारावं लागतं.

मावशीचं रक्त ऑपरेशननंतर चार तासांनी घेतलं होतं. आकडा आला ८. तिला कोणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी ती म्हणाली असती, आठ तर आठ. त्याच रात्री कॅल्शियमच्या गोळ्या आणि त्यासोबत ड जीवनसत्त्वाचं तयार रूप, कॅल्सिट्रिऑल, सुरू झालं. कॅल्सिट्रिऑल अशासाठी की साधं ड जीवनसत्त्व कामाचं करायला पीटीएच लागतं, आणि तेच तर रजेवर होतं. मुंग्यांची चौकशी चालूच राहिली.

तिसऱ्या दिवशी कॅल्शियम ७.८ वर आलं. निवासी डॉक्टर रात्री दोनदा येऊन गेला. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन काढून ठेवलेलं होतं, हळूहळू दहा मिनिटांत शिरेतून द्यायचं. ते लागलं नाही. चौथ्या दिवशी ८.१, पाचव्या दिवशी ८.३. शनिवारी सुट्टी मिळाली. कागदावर सिस्टरने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, दोघींत चार तासांचं अंतर. एकत्र घेतल्या तर कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं. मावशीने ते तिच्या पद्धतीने लक्षात ठेवलं: एक चुलीच्या आधी, एक भाकरीसोबत.

दीड महिन्याने तपासणीला आली तेव्हा पीटीएच २४ होतं. दाणे जागे झाले होते. गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं.

परवा आर्वीला गेलो होतो. ओसरीवर शेजारची बाई बसली होती, तिच्याही गळ्याला गाठ आहे आणि ती ऑपरेशनला घाबरते. मावशी तिला समजावत होती. "काई नाई होत वं. पाच दिवस ठेवलं मले. रोज इचारत, मुंग्या आल्या का, मुंग्या आल्या का. गोळ्या चारून चारून बेजार केलं." मग माझ्याकडे बघून, जरा तक्रारीच्याच सुरात, "अन् मुंग्या तर आल्याच नाई."